शेजारचा ढीग

"मले पाहाले आले होते ना बाई, तवा यायनं घंटाभर आमच्या बैलाचीच तारीफ केली. मी समजली, यायले बैल पसंद पडला, अन् त्याच्यासंगं मी फुकटात आली."

धनवंता हे म्हणाली आणि स्वतःच खो खो हसली. काउंटरपलीकडची चंचल तर हसता हसता कीबोर्डवर वाकली. गोंदिया स्टेशनच्या रस्त्यावर, एका छोट्या गाळ्यात तिकिटं आणि सहली विकणारी ही मुलगी एरवी गिऱ्हाइकासमोर उगाच दात काढणाऱ्यांतली नव्हती. पतिराम टेंभरेही हसला. बायको आपल्यावर विनोद करते आणि परकी पोर हसते, अशा वेळी नवऱ्याने हसावं लागतं. पण धानाचं कुसळ घशात अडकावं तसं ते हसू मध्येच अडकलं. एकेचाळीस वर्षं! म्हणजे ही बाई एकेचाळीस वर्षं असं समजून आपल्या घरात भात रांधते आहे? आणि गोष्ट कशी सराईतपणे सांगितली तिने! कुठे थांबायचं, कुठे भुवई उडवायची, सगळं बसलेलं. म्हणजे आज पहिल्यांदा सांगत नव्हती. लग्नाच्या मांडवात, हळदीकुंकवाला, विहिणीबाईंसमोर, गल्लीतल्या नळावर, सगळीकडे ती सांगून झालेली होती. गोंदिया जिल्ह्यात ती ऐकायचा राहिलेला बहुधा तो एकटाच होता.

"तर काकाजी, फायनल करू?" डोळे पुसत चंचलने विचारलं, आणि पतिरामच्या ध्यानात आलं की आपण सौदा जिंकलो आहोत.

सौदा सोपा नव्हता. मुंबईहून निघून लक्षद्वीपला जाऊन परत येणारं जहाज, चार रात्री, खाणंपिणं त्यातच. नागपूरला दिलेल्या लेकीने, प्रियाने, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला होता आणि धनवंता बराच वेळ तो फोन हातात धरून बसली होती. एवढंच पुरे होतं. पतिरामने महिनाभर त्या विषयावर चकार शब्द काढला नाही, कारण ज्या गोष्टीत आपलं मन आहे तिचं नाव घ्यायचं नाही, हे त्याच्या हाडीमासी भिनलेलं होतं. गोंदियातल्या एका राइस मिलसाठी त्याने अडतीस वर्षं धान खरेदी केलं. उस्ताद छोटेलालने पहिल्याच दिवशी त्याला मंत्र दिला होता: बेटा, जो ढेर चाहिये ना, उसके पास मत बैठ, बगलवाले के पास बैठ. मग पतिराम आयुष्यभर शेजारच्याच ढिगाशी बसला. मूठभर धान तळहातावर घासायचा, फुंकर मारायचा, एक दाणा दाताखाली कटकन फोडायचा, मान हलवायचा, आणि त्या ढिगाची अशी काही वाखाणणी करायचा की पलीकडे खऱ्या मालाचा शेतकरी कासावीस होऊन स्वतःच हाक मारायचा, माह्या इकडं तं पाहा जी. मग पतिराम तोंड वाकडं करून उठायचा. ओलावा हाय. भरडतानी तुकडा पडन लय. अन् भाव पडायचाच.

आजही त्याने तेच केलं. दुकानात शिरताच भिंतीवरच्या जहाजाकडे पाठ करून बसला आणि वीस मिनिटं तिरुपतीची चौकशी केली. दर्शनाचा पास, राहायची सोय, लाडू किती मिळतात इथवर. धनवंता गोंधळून त्याच्याकडे पाहत होती. मग उठता उठता, चप्पल पायात घालता घालता, अगदी सहज: "अन् हे जहाज-बिहाज कोनी घेतेत का इकडं?" चंचल म्हणाली, घेतात ना काकाजी. तिने आकडा सांगितला. पतिराम पुन्हा बसला आणि नाकं मुरडायला सुरुवात केली. लोकं वकतेत, उलट्या करतेत म्हनतेत त्याच्यात. चार दिवस पान्यात कोंडून राहाचं म्हनजे जेलच झाली. पोरगीही काही कच्ची नव्हती, पण अडतीस वर्षांपुढे तिचं काय चालणार? शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी निघालं तर कमी पडतं, असं तिने कबूल केलं. तिरोड्याची सहा कुटुंबं जाताहेत, त्यांच्या ग्रुपमध्ये नाव घातलं तर आणखी कमी. आतल्या बाजूची केबिन घेतली तर अगदीच कमी. आणि शेवटी, पतिराम तिसऱ्यांदा उठला तेव्हा, तिने आपल्या कमिशनमधूनही थोडं सोडलं. त्या आनंदातच धनवंताने बैलाची गोष्ट काढली होती. "यायले कोनती चीज पसंद हाय ते समजूच देत नाहीत," अशी सुरुवात करून.

"उद्या पाच वाजेपर्यंत होल्डवर ठेवते," चंचल म्हणाली. "दोघांचे आधार घेऊन या. पण पाचच्या आत, नाहीतर सिस्टम सोडून देते." तिने एक कागद छापून दिला. पतिरामने तो चार घड्या करून खिशात ठेवला. खिशात तांदळाचे दाणे होते. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी ते असतच. त्यातला एक दाढेखाली घेऊन तो बाहेर पडला.

ऑटोत धनवंताने कागद मागून घेतला आणि चष्मा नाकावर सरकवून वाचू लागली. त्यात केबिनचा नकाशा होता. दोन पलंग, कपाट, न्हाणी. तिने बोट फिरवत फिरवत चारही भिंती तपासल्या. "याच्यात खिडकी कुटी हाय जी?" पतिराम म्हणाला, "झोपाले खिडकी कायले पायजे? डोये मिटूनच तं झोपतेत." धनवंताने क्षणभर विचार केला. "हो जी, बराबर हाय," म्हणाली आणि कागदाची घडी पहिल्यापेक्षा नीट करून परत दिली. एवढंच झालं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिचं ते "बराबर हाय" पतिरामने आजवर हजार वेळा ऐकलं असेल, पण आज त्याला आठवलं की प्रियाच्या फोनवर तो व्हिडिओ पाहताना तिने विचारलं होतं, रातच्याले समुद्र दिसत असन का वं खिडकीतून? म्हणजे तिला जहाज नको होतं, लाडू नको होते. तिला खिडकी हवी होती. आणि जिल्ह्यातला सगळ्यात हुशार खरेदीदार बिनखिडकीची खोली स्वस्तात घेऊन घरी निघाला होता.

रामनगरच्या वळणावर कुठल्याशा मिलमधून उकडलेल्या धानाची वाफ आली, आंबूस, ओली, गरम. हा वास नाकात गेला की पतिरामला आपोआप बरं वाटायचं. आज वाटलं नाही. तो मनाने सालेकशाला, धनवंताच्या माहेरी पोचला होता. त्र्याऐंशी सालचा मार्च असेल. आमगाव मागे पडलं की रुळांच्या दोन्ही बाजूंनी जंगल जवळ येतं. गाडीतून उतरून तो आणि बाप पायीच गेले होते, वाटेत मोहाची फुलं पडली होती आणि बाप बजावत होता, मुंडी हालवू नोको, दात दाखवू नोको, बोलनी मी करतो. बापाला दोनशे वऱ्हाडी न्यायचे होते, मुलीकडचे दीडशेवर अडले होते. नवऱ्या मुलाचा जीव गुंतलेला दिसला की दीडशेच! आणि छोटेलालच्या हाताखाली पतिरामचं पहिलंच वर्ष, अंगात विद्या नवी नवी शिरलेली. धनवंता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पिवळं पातळ होतं. उंबऱ्यापाशी तिचा पाय किंचित अडखळला, पाणी सांडलं, आणि ती घाबरायच्या ऐवजी गालात हसली. तेवढंच पतिरामने पाहिलं. त्याच क्षणी त्याला कळलं की आता जर आपण तिकडे पाहिलं तर सगळं हातचं जाईल. तेव्हा त्याने मान वळवली. समोर बैल होता. बरा होता बैल, वाईट नव्हता. पतिरामने त्याची शिंगं वाखाणली, खांदा वाखाणला, दात किती विचारले, वय विचारलं. तो घंटाभर बोलला म्हणते धनवंता, बोलला असेल. बैलाकडे पाहत तो सबंध वेळ त्या ओल्या उंबऱ्याचाच विचार करत होता, हे त्या बैलालाही माहीत नव्हतं. बापाला दोनशे वऱ्हाडी मिळाले. घरी परतताना बाप पाठीवर थाप मारून म्हणाला, शाबास.

त्या शाबासकीची किंमत कोणी दिली, हे बघायला त्याला एवढी वर्षं लागली. संध्याकाळी ओसरीवर बसल्या बसल्या एकेक गोष्ट आपणहून पुढे येऊ लागली. ती कथ्थी साडी. प्रिया चार वर्षांची होती, दिवाळीची खरेदी. धनवंताचा हात हिरव्या साडीवर टेकला होता, काठ मोरपंखी. पतिरामने ते बरोबर टिपलं, म्हणूनच तो शेजारच्या कथ्थी साडीवर तुटून पडला. काय रंग हाय, काय पोत हाय! दुकानदार हिरवीचा भाव उतरवणार इतक्यात मिलचा माणूस बोलवायला आला, गाड्या लागल्या होत्या. पतिराम घाईघाईने पैसे टाकून "बांधून देजा" म्हणत पळाला आणि दुकानदाराने साहजिकच कथ्थी बांधली. घरी पुडकं उघडल्यावर पतिरामला धस्स झालं होतं. पण धनवंताने ती साडी नेसली, आणि अशी नेसली की अकरा वर्षं सोडली नाही. लग्नाला कथ्थी, बारशाला कथ्थी. त्याला वाटलं, चला, तिलाही तीच आवडली. आणि तिला वाटत असणार, यांना आवडली ना, मग नेसावी. दोघं एकमेकांच्या आवडीसाठी अकरा वर्षं एका नावडत्या साडीला पोसत बसले. पतिरामला या विचाराचं हसू आलं आणि ते आता अडकलं नाही, चांगलं मोठ्याने आलं. आतून धनवंताने विचारलं, "काय झालं जी?" "काई नाही," तो म्हणाला.

काई नाही कसं? सांगून टाकावं. आत जावं आणि म्हणावं, प्रियाची माय, तो बैल मले पसंद नोहता. इतकं सोपं वाक्य. पण अडतीस वर्षांच्या सवयीने जिभेला असं वळण लागलेलं की चांगला शब्द दातांपर्यंत येऊन तिथेच तोंड वाकडं करायचा. जेवताना त्याने सराव म्हणून वांग्याच्या भाजीपासून सुरुवात करायचं ठरवलं. भाजी खरंच झकास होती. त्याने घास गिळला, पाणी प्यायला, घसा साफ केला. "वांगे जून होते का?" असं त्याच्या तोंडातून निघालं. धनवंता म्हणाली, "असन." आणि तिने त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली, कारण जून वांगे म्हणणारा माणूस तिसऱ्यांदा वाढून घेतो हे तिला पाठ होतं. पतिराम चमकला. म्हणजे हिला भाजीपुरतं कळतं! वांग्याचं कळतं, कढीचं कळतं, प्रियाचे मार्क बघून तो "ठीक हाय" म्हणायचा तेव्हा पोरीला समजावून सांगणारी हीच होती, की तुह्या बापाचं ठीक म्हनजे पेढे आनाचे. सगळं कळतं. फक्त स्वतःचा हिशेब तिने त्यात धरला नव्हता. तिथे मात्र तिने त्याचं बोलणं शब्दशः खरं मानलं होतं.

दुसऱ्या दिवशी चारला दोघं पुन्हा चंचलच्या दुकानात होते. बाकावर तत्काळ तिकिटाची वाट पाहणारा एक माणूस पेंगत होता. धनवंताने आधार कार्डं पिशवीतून काढून काउंटरवर ठेवली. चंचलने कीबोर्ड पुढे ओढला आणि पतिरामला स्वतःचा आवाज ऐकू आला. "खिडकीवाली हाय का?"

"आहे ना काकाजी. त्या तारखेला दोनच राहिल्यात." तिने आकडा सांगितला. आकडा ऐकून पतिरामच्या आत बसलेला छोटेलाल ताडकन उठला. बेटा, चप्पल घाल. तिरुपती विचार. आणि गंमत म्हणजे चंचलच छोटेलालच्या मदतीला धावून आली. कालच्या गिऱ्हाइकाबद्दल तिला आदर वाटू लागला असावा, कारण ती पुढे झुकून हळूच म्हणाली, "आत्ता घेऊच नका. आतलीच बुक करून ठेवा. शेवटच्या आठ-दहा दिवसांत खिडकीवाली रिकामी राहिली तर ते लोक थोड्याशा पैशात बदलून देतात. मी नजर ठेवते. फोन करते तुम्हाला. मिळाली तर अर्ध्यात काम."

"अन् नाही मियाली तं?"

"तर आतली आहेच की. नुकसान काहीच नाही."

अडतीस वर्षांत इतका सुंदर सौदा कोणी त्याच्या पुढ्यात वाढून ठेवला नव्हता. विकणारीच सांगत होती, थांबा. दाताखाली दाणा फोडावा तसं त्याला वाटलं, कटकन, आतून पांढरा, कोरडा, खणखणीत माल. धनवंतासुद्धा मान हलवत होती. "बराबर सांगून राहिली पोरगी. थांबून पाहू ना जी." भिंतीवर जहाज होतं. शेजारी तिरुपतीचं कॅलेंडर. पतिरामची नजर सवयीने कॅलेंडरकडे सरकू लागली, आणि मार्चमधला तो बैल त्याला समोर दिसला, रवंथ करत, निवांत, आपलीच तारीफ चालली आहे अशा समजुतीत. नाही मिळाली तर. तेव्हा जर दीडशे-दोनशेवरून बोलणी फिसकटली असती तर? ती भीती त्याला आज आली, एकेचाळीस वर्षं उशिरा, आणि इतकी जोराची की त्याने काउंटरची कड धरली.

"नाही," तो म्हणाला. "खिडकीवालीच. आज. जो भाव हाय त्या भावात."

चंचलचे हात थांबले. बाकावरचा माणूस जागा झाला. धनवंताने काउंटरखाली त्याच्या मांडीला सणसणीत चिमटा काढला. "भाव तं करा!" ती कुजबुजली, मग त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "तबेत ठीक हाय ना जी? काऊन असं करून राहिले?"

"मले पसंद हाय म्हनून करून राहिलो," पतिराम म्हणाला, आणि एकदा पोत्याची शिवण उसवली की धान काही कोणाला विचारून सांडत नाही. "अन् तो बैल मले पसंद नोहता, समजलं? साधा बैल होता. मांगच्या पायानं लंगडत होता थोडासा. पानी सांडलं तवा तू हासली, तेच पाहिलो मी. पिवयं पातय होतं. बैलाकडं पाहात होतो, कारन तुह्याकडं पाहिलो असतो तं माह्या बापानं घरी नेऊन झोडपलं असतं अन् तुह्या बापानं दीडशाचे शंभर केले असते. अन् ते कथ्थी साडी, ते बी मले पसंद नोहती. हिरवी पायजे होती मले. तुह्यासाठी." एवढं बोलून त्याला धाप लागली. आयुष्यात एवढी तारीफ त्याने एका दमात केली नव्हती, तीही खऱ्या ढिगाची.

धनवंता त्याच्याकडे पाहत होती. तिचे डोळे भरून आले आणि आता ही रडते की काय असं वाटून पतिराम घाबरला. पण ती सालेकशाची. उंबऱ्यात अडखळून हसणारी.

"मंग एकेचायीस वर्सं काय सँपल पाहून राहिले होते?"

बाकावरचा माणूस खदखदून हसला. चंचलने तोंडावर हात दाबला. धनवंताने पदराने डोळे टिपले, खुर्ची पुढे ओढली आणि नवऱ्याला कोपराने बाजूला सारलं. "सरका. आता भाव मी करतो." ती चंचलकडे वळली. कुठल्याही शेजारच्या ढिगाशी ती बसली नाही. सरळ म्हणाली, "पाय बाई, खिडकी मले लय म्हनजे लय पसंद हाय. इतकी पसंद हाय का मी सोडूच शकत नाही. अन् मी तुह्या मायच्या वयाची हावो. आता तूच सांग, किती घेशीन." पतिरामने डोळे मिटून घेतले. सौदा असा करतात? धडधडीत कबुली देऊन? ही तर लुटून घ्यायची रीत झाली. पण चंचलने पडद्यावरचा आकडा पुन्हा तपासला, मग कालचं सोडलेलं कमिशन तिने याही केबिनवर सोडलं, वर म्हणाली की जहाजावरच्या एका जेवणाचं ती आपल्याकडून बघते, खिडकीपाशीचं टेबल. अडतीस वर्षांत एकाही शेतकऱ्याने पतिरामला असं वरून काही दिलं नव्हतं. छोटेलाल आत कुठेतरी गुपचूप खाली बसला.

नावं टाइप झाली. टेंभरे, पतिराम. टेंभरे, धनवंता. वयं झाली, फोन नंबर झाला. "एकच राहिलं काकाजी," पडद्यावरून नजर न काढता चंचल म्हणाली, "हे कंपनीवाले विचारतात. दोन पलंग वेगवेगळे ठेवायचे, की जोडून?"

धनवंता एकदम पिशवीची चेन लावण्यात गुंतली. बाकावरचा माणूस लक्ष देऊन छताकडे पाहू लागला. पतिरामचे कान तापले. त्याची मान कॅलेंडरच्या दिशेला निघाली, अर्ध्या वाटेवर थांबली आणि परत फिरली. त्याने बायकोकडे पाहिलं, चांगलं राजरोस, दुकानाच्या भर उजेडात.

"जोडून," तो म्हणाला.